सुट्टीतले सोळा फ्लास्क

१

"आठ दिन मशीन बंद ठेवं, आन् आते बठ्ठं मनाच डोकावर! सुट्टी व्हती म्हणे, सुट्टी!"

भटू हे मला सांगत नव्हता, ऑटोक्लेव्हला सांगत होता. वाफेवर जंतू मारायचं आमचं ते यंत्र म्हणजे माणूस मावेल एवढा कुकर, आणि भटू त्याच्याशी जन्माची गाठ बांधल्यासारखा भांडतो. पर्युषण आदल्या दिवशी संपलं होतं. बाबूजी आमचे जैन मालक; त्यांच्या प्रयोगशाळेत त्या आठ दिवसांत काही मारायचं नाही असा नियम, म्हणून यंत्र बंद आणि सगळ्यांना सुट्टी. मी दोंडाईच्याला बहिणीकडे जाऊन आले होते. सुट्टीआधी शेवटचं काम म्हणून सोळा फ्लास्क साधं पोषक पाणी उकळून ठेवलं होतं. जिनेश म्हणाला होता, औषध घालू नका. मला वाटलं, कॉलेजच्या पोरांची शिकवणी असेल.

भटूची कुरकुर ऐकून मी हसले आणि पदर खोचून कामाला लागले. वळून एवढंच विचारायला हवं होतं, की काय रे भटू, सुट्टीत डोक्यावर आलं तरी काय?

नाही विचारलं.

तीन आठवड्यांनी धुळ्याहून फोन आला. फोन जिनेशने घेतला. जिनेश म्हणजे बाबूजींचा नातू. कारभार तोच बघतो. धुळ्याच्या कारखान्यात आमच्या जंतूंची पहिली मोठी टाकी लागली होती, तीनशे लिटरची. केळीच्या खोडाच्या पट्ट्या त्या पाण्यात दोन दिवस भिजवल्या की चिकटपणा विरघळतो आणि धागा रेशमासारखा सुटा होतो. निदान व्हायला हवा. इचलकरंजीहून व्यापारी बघायला आले होते.

"सुटलाच नाही? म्हणजे अजिबात?" जिनेश म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

फोन ठेवून तो म्हणाला, "पट्ट्या वहाणेच्या पट्ट्यासारख्या निघाल्या. पाण्यात आपलं एन्झाइम नाहीच. फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेल्या कुप्यांमधले जंतू कुणीतरी बदललेत."

खोलीत मी होते, आणि तो जंतू तयार करणारे हितेंद्र सर होते.

"फ्रीझरची किल्ली भाविकाकडे असते," जिनेश म्हणाला. "आणि भाविकाला हैदराबादच्या एन्झाइम कंपनीत नोकरी लागली आहे. आता मी आणखी काय बोलू?"

बोलायची गरजच नव्हती. प्लेटांचा ट्रे हातात घेऊन भाविका, जंतू वाढवायचं काम करणारी आमची पोर, दारात उभी होती.

२

आमचा जंतू समजला नाही तर पुढचं काही समजणार नाही, म्हणून सांगते. मी दहावी. मला जे कळतं ते बाटल्यांवरची लेबलं वाचून आणि लोकांना विचारून विचारून. हितेंद्र सरांनी कधी कंटाळा केला नाही, हे त्यांच्याबद्दल आधीच लिहून ठेवते. पुढे लिहायला जड जाईल.

जंतू मातीतला. कुठल्याही वावरात मूठभर ढेकूळ उचला, त्यात याचे भाऊबंद सापडतील. सरांनी त्याच्या पोटात एक बारीकसं कडं घातलं. प्लास्मिड म्हणतात त्याला. त्या कड्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या: एक, खोडाचा चिकटपणा विरघळवणारं एन्झाइम कसं बनवायचं ते. दोन, एका विशिष्ट औषधातून जिवंत कसं राहायचं ते. पोषक पाण्यात ते औषध घातलं की कडं सांभाळणारा जगतो, टाकणारा मरतो. म्हणून फ्लास्क हाताला कोमट लागला की त्यात औषध घालणं हे माझं काम. सर म्हणायचे, "सुनंदाबाई, कडं म्हणजे ओझं. धाक नसला की कोण वाहील?"

दुसऱ्या काही जंतूंकडून एन्झाइम काढायचं तर त्यांना फोडावं लागतं. हा मातीतला मात्र जिवंतपणीच बनवलेलं बाहेर पाण्यात सोडून देतो. या एका गोष्टीवर भिकमचंदजींनी, म्हणजे आमच्या बाबूजींनी, जळगावातल्या आपल्या जुन्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात ही प्रयोगशाळा काढू दिली. "न मारता देतो? मग घाला," म्हणाले होते. वय शहात्तर. अजूनही येतात तेव्हा दाराशी चपला काढून येतात.

त्या दिवशीही तसेच आले. जिनेश पोलिसांचं म्हणत होता. बाबूजींनी हात वर केला.

"पोलिस नाही. सुनंदा बघेल."

"सुनंदाबाई?" जिनेश म्हणाला. "त्या मीडिया बनवतात, जंतूंचं खाणं, बाबूजी."

"गेल्या वर्षी प्लेटांवर बुरशी का येते ते तुम्हा शिकलेल्यांना महिनाभर सापडलं नाही. कूलरची जाळी हिनेच काढून दाखवली ना? बघ बेटा. कोणाचं वाईट करू नको, पण बघ."

मुदत सोमवारपर्यंत. कारण सोमवारीच भाविकाला हैदराबादला इथल्या कामाचं पत्र द्यायचं होतं. ते पत्र जिनेशने टाइप करून ठेवलं होतं. त्यात शेवटी एक ओळ होती: 'सदर कर्मचाऱ्याविरुद्ध चौकशी सुरू आहे.' या एका ओळीवर सव्वीस वर्षांच्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य अडलेलं. वडील पाचोऱ्याला कापसाचे काटे सांभाळतात. त्यांनी गल्लीत पेढे वाटून झाले होते.

३

भाविका बाकावर बसून डबा खात होती. म्हणजे डबा उघडा होता, एवढंच.

"सुट्टीत कुठे होतीस गं?" मी विचारलं.

"पाचोऱ्याला."

"आठही दिवस?"

"रजिस्टर बघा ना अक्का. सगळ्यांना सुट्टी होती. मलाही होती." आवाज सपाट होता. एरवी ही पोर माझ्याशी भांडते, की अक्का, मीठ जास्त पडलं, अक्का, वास बघा. आज भांडली नाही.

"कुप्या तू बदलल्यास?"

"नाही."

"मग कुणी?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "कुणीच नाही," म्हणाली आणि उठून गेली.

कुणीच नाही! चोरीचा आळ आलेला माणूस 'मी नाही' म्हणतो, दुसऱ्याचं नाव घेतो, रडतो. 'कुणीच नाही' असं कोण म्हणतं?

हितेंद्र सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. खाली काच नव्हती.

"सर, ऑगस्टमध्ये फ्रीझर बिघडला होता ना?"

"दोन तास. त्याच दिवशी दुरुस्त झाला. लिहिलंय मी रजिस्टरात."

"कुप्या वितळल्या का?"

"दोन तासांत काय वितळतात, सुनंदाबाई?"

मी फाटकावर गेले. भटूचं एक काम कुकरचं, दुसरं फाटकाच्या वहीचं.

"फ्रीझरवाला? तो ते पर्युषण सरनं तवय उना," भटू म्हणाला. "नववा दिनले. मीच वहीमा लिखेल शे. नाशिकथून उना, आन् चहा मनाकडेच पिना."

वही पाहिली. खरंच. फ्रीझर बिघडला सोमवारी. दुरुस्ती करणारा माणूस आला तो पुढच्या आठवड्यात बुधवारी. मधे पर्युषणाचे आठही दिवस.

हितेंद्र सर माझ्याशी कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

४

शनिवारी मी माझ्या स्वयंपाकघरात शिरले. मीडियाच्या खोलीला मी स्वयंपाकघर म्हणते, आणि सगळे तेच म्हणायला लागलेत.

दोन प्रकारच्या प्लेटा ओतल्या, म्हणजे चपट्या बश्यांत जंतू वाढायला घट्ट थर. पहिल्या दुधाच्या. का, तर आमच्या जंतूचे दात काढलेले आहेत. मातीतले साधे जंतू प्रथिनं चावून खातात. दुधाच्या पांढऱ्या प्लेटवर ते वाढले की भोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळ पडतं. आमच्या जंतूला तसं चावता येऊ नये अशी सरांनी व्यवस्था केलेली, नाहीतर बनवलेलं एन्झाइम तो स्वतःच खाऊन टाकेल. म्हणून आमचा जंतू दुधावर नुसता ठिपका बनून बसतो.

दुसऱ्या प्लेटा औषधाच्या. त्यांच्यावर फक्त कडंवाला जगणार.

संशयातल्या कुपीतले जंतू आधी साध्या प्लेटवर पसरून वाढवले होते. त्यांतले शंभर ठिपके मोजून उचलले. टूथपिकने एकेक ठिपका आधी दुधावर टेकवला, मग औषधावर. शंभर वेळा. कंबर धरली. शेजारी आणखी एका दुधाच्या प्लेटवर गुलाबाच्या कुंडीतली चिमूटभर माती विरघळवून लावली, तुलनेला.

जिनेशचं म्हणणं खरं असेल, म्हणजे आमचा जंतू चोरून कुपीत कुठलाही मातीतला जंतू भरला असेल, तर दुधावर शंभर वर्तुळं दिसायला हवी होती आणि औषधावर एकही ठिपका नको होता.

रविवारी सुट्टी असून आले. घरून, नशिराबादहून, गाडी मिळायला तासभर लागला. प्लेटा उजेडात धरल्या.

कुंडीच्या मातीच्या प्लेटवर वर्तुळंच वर्तुळं, चाळणी झालेली. कुपीच्या प्लेटांवर मात्र एकही वर्तुळ नाही. शंभरच्या शंभर बोळके. आमचेच.

आणि औषधावर जगले होते तीन.

मी स्टुलावर बसले. चोरी झालीच नव्हती. कुप्यांत आमचाच जंतू होता. फक्त त्याने कडं टाकून दिलं होतं, शंभरातल्या सत्त्याण्णवांनी. धाक नसल्यावर ओझं कोण वाहील? आणि हे एका दिवसात होत नाही. बिनओझ्याचे भराभर वाढतात, ओझंवाले मागे पडतात, रोज थोडे. असं होण्यासाठी कुणीतरी यांना दिवसामागून दिवस औषधाशिवाय खाऊ घातलं असलं पाहिजे.

साधं पोषक पाणी. औषध नको.

माझे सोळा फ्लास्क.

५

"भटू," मी विचारलं, "त्या नवव्या दिवशी तुझ्या डोक्यावर काय आलं होतं?"

"आते पुसस अक्का? महिना व्हयना!" भटूला तक्रारीचा मान मिळाला की तो खुलतो. "फ्लास्कच फ्लास्क. बठ्ठा भरेल. सुट्टी व्हती ते भरात कोनी? भुतेस्नी? पट्ट्या नालीमा अटकतस म्हणीसन मी पट्ट्या काढी ठेयात."

भटू प्रत्येक फ्लास्कवरची चिकटपट्टी काढून खिडकीच्या चौकटीवर चिकटवतो. आम्ही त्याला त्यावरून हसतो. चौकटीवर कितीतरी रांगा होत्या. त्यांतली एक सोळा पट्ट्यांची. दिवस १, दिवस १, दिवस २, दिवस २, असं आठपर्यंत. रोज दोन. आठच्या आकड्याला चोचीसारखी शेपटी. तशी शेपटी आमच्याकडे एकच माणूस काढतो.

आठही दिवस पाचोऱ्याला होती म्हणे.

सरांना मी दुपारी आवारातल्या निंबाखाली गाठलं. प्लेटा रुमालात गुंडाळून नेल्या होत्या. त्यांनी रुमाल उघडलासुद्धा नाही.

"किती जगले?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"मला वाटलं, निम्मे तरी उरले असतील." ते ओट्यावर बसले. "धुळ्याच्या टाकीत औषध घालता येत नाही, पाणी नाल्यात जातं. तरी निम्म्यांवर निभावलं असतं. तपासायला हवं होतं मी. व्यापाऱ्यांची तारीख ठरली होती, आणि खरं सांगू? तपासायची भीती वाटत होती."

मग त्यांनी सांगितलं. फ्रीझर बिघडला, कुप्या वितळल्या. सर तेव्हा टाकी बसवायला धुळ्याला. जिनेशने फोन केला. सर म्हणाले, सोपं आहे, प्लेटवर रेघ ओढून साध्या फ्रीजमध्ये ठेवा, नऊ दिवस सहज राहतील. तोच बाबूजी तिथे आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा स्वतःचा आठ दिवसांचा उपवास. त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, 'हितेंद्र, थंडीत उपाशी नका रे ठेवू बिचाऱ्यांना. खाऊ घाला. आणि हे आठ दिवस कोणाला मारू नका.'

"कडं टाकलेल्यांना औषध मारतंच ना," सर म्हणाले. "म्हणजे औषध नको. मला एक वाक्य बोलायचं होतं, सुनंदाबाई. 'बाबूजी, यांना सांभाळायचं तर काहींना मरू द्यावं लागतं.' मी काय म्हणालो? 'हो बाबूजी.'"

"आणि भाविका?"

"दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. औषधाशिवाय नको सर, म्हणाली. मी म्हणालो, बाबूजींचा शब्द आहे, कर. फ्रीझर सुरू झाल्यावर तेच जंतू पुन्हा कुप्यांत भरून गोठवले. पर्युषणात काम झालं हे कागदावर नको, म्हणून जिनेशने सगळ्यांची सुट्टीच लिहून टाकली. त्याला बिचाऱ्याला विज्ञान कळत नाही. खाऊ घातल्याने कुणी बिघडतं हे त्याच्या डोक्यात येणारच नाही. चोरी झाली असं त्याला खरंच वाटतं."

"तुम्हाला तर ठाऊक होतं, चोरी नाही झाली."

"दहा ठिकाणी फिरलो होतो मी हे जंतू घेऊन. एका माणसाने दार उघडलं. त्या म्हाताऱ्याला जाऊन सांगू, की तुमच्या दयेने सगळं बुडालं? सुनंदाबाई, उद्या प्लेटा दाखवा. चोरी नाही हे दाखवा. पण कारण सांगू नका. चुकून राहिलं म्हणा."

मी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. बिनऔषधाचे सोळा फ्लास्क मीसुद्धा काही न विचारता भरून दिले होते. मी कुठल्या तोंडाने कुणाला बोलणार होते?

६

सोमवारी अकरा वाजता बाबूजींच्या बैठकीत आम्ही बसलो. जिनेशसमोर ते पत्र. भाविका दाराजवळच्या खुर्चीवर, बॅग मांडीवर. दुपारची गाडी होती तिची, पत्र मिळो न मिळो.

मी प्लेटा मांडल्या. कुंडीची माती, तिची वर्तुळं. कुपीतले, त्यांचं बोळकेपण. बाबूजींनी चष्मा लावून एकेक प्लेट बघितली.

"म्हणजे चोरी नाही," ते म्हणाले.

"नाही. कुप्यांतले जंतू आपलेच. आणि हे तीन कडंवाले अजून जिवंत आहेत. यांच्यापासून महिन्याभरात सगळं पुन्हा उभं राहील. गेलंय ते एवढंच." पुढचं मनात म्हणाले: आणि एका पोरीचं नाव.

जिनेश पुढे झुकला. "पण मग बाकीच्यांनी कडं टाकलं कसं?"

"फ्रीझर नऊ दिवस बंद होता." मी फाटकाची वही ठेवली. "जंतूंना रोज नव्या पाण्यात खाऊ घातलं जात होतं. आठ दिवस, सोळा फ्लास्क. पाणी मी केलेलं. औषध न घातलेलं." भटूच्या पट्ट्या एका कागदावर चिकटवून आणल्या होत्या, त्या ठेवल्या. "भाविका सुट्टीवर नव्हती. पाचोऱ्याहून रोज सकाळच्या गाडीने येत होती, त्यांना जेवू घालायला."

"ते मला ठाऊक आहे," जिनेश गोंधळून म्हणाला. "मीच तिला यायला सांगितलं होतं. पण खायला घालण्यात वाईट काय?"

"खायला घालण्यात नाही. औषध नसण्यात."

बाबूजी हसले. मनापासून बरं वाटल्यासारखे. "मीच म्हटलं होतं, खाऊ घाला. बरं केलंत." मग भुवया जवळ आल्या. "पण मग औषध का नाही घातलं?"

हितेंद्र सर आपल्या हातांकडे बघत होते. जिनेशने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्याला कळलं. कारण त्याने ते पत्र उलटं करून ठेवलं.

"हितेंद्र? तू तर जाणता माणूस. औषध का नाही?"

सरांनी समोरची एक प्लेट उचलली आणि तशीच परत ठेवली.

"बेटा, तू सांग," बाबूजी भाविकाला म्हणाले. "तुझ्या हातात होतं ना? का नाही घातलं?"

भाविकाने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. उपवासांनी अजून भरून न आलेल्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं.

"चुकून राहिलं बाबूजी," ती म्हणाली. "माझ्याकडून."

बाबूजींनी मान हलवली. "चूक होते, बेटा. पण एवढी मोठी... पत्रात काय लिहायचं ते मग..."

"चुकून नाही राहिलं," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात, आठ दिवस कोणाला मारू नका. म्हणून नाही घातलं. त्याने काय होणार ते हिला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, आणि मी विचारलं असतं तर मलाही कळलं असतं. तुम्हाला सांगायची हिंमत आमच्यातल्या एकालाही झाली नाही. बिघडलं ते तुमच्या शब्दाने, बाबूजी. आणि तो शब्द तुम्हाला बोचू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी या पोरीला चोर होऊ दिलं."